विंचची तार सारखी तुटायली? नवी घ्यायच्या आधी एवढं तपासा, स्टील का सिंथेटिक ते मग ठरवू

आधी लक्षणं सांगतो. विंच म्हणजे गाडीच्या पुढं लावलेलं, ड्रमवर (लोखंडी रिळावर) मोटरनं दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढणारं यंत्र. यातलं एक जरी तुमच्या विंचला दिसत असलं तर पुढचं सगळं वाचा.

- नवी तार टाकून एक पावसाळा निघत नाही, आणि दरवेळी जवळपास त्याच जागी तुटते
- स्टीलच्या तारेला कुसळं आलीत, हातमोज्यात घुसतात
- तारेचा पीळ एका जागी उघडून फुगलाय, नाहीतर अशी मुरड पडलीय की सरळ केली तरी दिसतेच
- सिंथेटिक रोप एकाच बाजूनं पिंजल्यासारखा झालाय, किंवा मधेच कडक आणि चकचकीत लागतोय
- ओढताना ड्रममधून खाट असा आवाज येतो आणि वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसतो, सोडायला गेलं की दोर उलटा गुंडाळायला लागतो
- बटण सोडलं की गाडी जागेवर थांबत नाही, हळूहळू मागं सरकते

मी माजलगावकडं गाडीदुरुस्तीचं काम करतो आणि पुढं विंच लावलेली एक जीप ठेवलीय, रुतलेल्या गाड्या काढायला. स्टीलला मी तार म्हणतो आणि सिंथेटिकला रोप, खाली तसंच लिहितोय, नुसतं दोर म्हणलं की दोन्ही. लोक माझ्याकडं येतात ते एकच प्रश्न घेऊन, तार काढून रोप टाकू का, आणि मी दरवेळी आधी विचारतो की जुनी तुटली कशानं. ते माहीत नसेल तर नवीन काहीही टाका, तेही तुटणार, आणि रोप तारेच्या दोन-तीनपट महाग पडतो.

२०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा, गोदावरी, मांजरा सगळ्या एकदम फुगल्या तेव्हाची गोष्ट. पाणी उतरल्यावर काठच्या शिवारात नुसता गाळ. आमच्या एका चुलत मामांनी त्याच्या महिनाभर आधी तार तुटली म्हणून नवा रोप टाकला होता. पिकअप काढायला गेले आणि दुसऱ्याच ओढीत रोप तुटला. मला फोन, "भाच्या, फसवलं रे दुकानदारानं, इतका महागाचा रोप आन सुतळीसारखा तुटला." मी गेलो आणि म्हणलं मामा, दुकानदाराचं राहू द्या, आधी हे रोलर बघा. रोलर म्हणजे विंचच्या तोंडाशी दोर ज्यांच्यावरून आत-बाहेर जातो ते. जुन्या तारेनं त्यांना अशा खाचा पाडल्या होत्या की कडेला पात्यासारखी धार आली होती. रोप चांगलाच होता, तो त्या धारेवर कापला गेला.

म्हणून तपासणीचा क्रम लिहितो. पहिल्या चार गोष्टींना एक रुपया लागत नाही. हे सगळं दोर सैल असतानाच करा, आणि हात ड्रमजवळ जाणार असेल तेव्हा बॅटरीची वायर काढून ठेवा, विंच चुकून फिरला तर बोटं जातात.

१. तुटलेलं टोक फेकू नका, बघा

तुटलं की लोक गाठ मारून काम पुढं रेटतात आणि ते टोक कापून चिखलात टाकतात. सगळी माहिती त्यातच असते. हुकाजवळ तुटलं तर शेवट कसा बांधला होता ते बघायचं. मधे तुटलं तर दगड, रोलर किंवा जुनी मुरड. ड्रमजवळ तुटलं तर गुंडाळी नाहीतर उष्णता. तारेचं टोक बघितलं आणि प्रत्येक धागा मानेसारखा बारीक होऊन तुटलेला असला तर वजन जास्त झालं. बरेच धागे आधीच गंजलेले, चपटे झालेले असतील तर ती तार आधीच मेलेली होती, त्या दिवशी फक्त दिसलं. रोपाचं टोक सुरीनं कापल्यासारखं साफ असेल तर धार लागली, आणि वितळून मणी झालेला असेल तर कुठंतरी तापला.

२. धुवा

आपली काळी माती ओली असताना मलमासारखी असते आणि वाळली की दगड. रोप बारा पदरांचा विणलेला असतो, त्या पदरांत गाळ शिरतो, वाळतो, आणि पुढच्या ओढीला तीच बारीक रेती आतून धागे कापते. बाहेरून रोप नवा दिसतो आणि आतून खलास. त्यामुळं काम झालं की पूर्ण उलगडून साध्या पाण्यानं धुवायचा, पदर थोडे ढिले करून आतली माती काढायची, सावलीत वाळवायचा. साबण-डिझेल काही नको. तारेला वेगळं, ती धुऊन पुसून कोरडी करायची आणि हलका तेलाचा हात द्यायचा, नाहीतर ओला गाळ आत धरून ती आतून गंजते.

धुतल्यावरच खरी तब्येत कळते. रोपावर सगळीकडून सारखी बारीक लव आली तर घाबरू नका, ती वरची लव आतल्या धाग्यांना राखतेच. पण एखाद्या जागी पदराची जाडी पाव भागानं कमी झाली असेल, किंवा चकचकीत कडक पट्टा असेल, तर तेवढा तुकडा गेला. तारेची मुरड हातोडीनं ठोकून सरळ करणारे मी बरेच बघितलेत, कृपा करून असं करू नका, मुरडीत आतले धागे आधीच मोडलेले असतात आणि सरळ दिसणारी तार जास्त धोक्याची, कारण मग कुणी तिच्यापासून लांब उभं राहत नाही.

३. रोलरवर कापूस फिरवा

आपल्याकडं कापसाला तोटा नाही. एक बोळा घ्या आणि चारही रोलरवर, त्यांच्या टोकांवर, चौकटीच्या कडांवर फिरवा. जिथं कापसाचा धागा अडकतो तिथं रोपही अडकणार. मामांच्या जीपवर बोळा तीन जागी अडकला.

तार लोखंडी रोलरवरूनच चालवायची. रोप टाकायचा असेल तर रोलर काढून अ‍ॅल्युमिनियमची गुळगुळीत चौकट लावायची, मधे लांबट भोक असलेली, तिला हॉज फेअरलीड म्हणतात. रोलर अगदी नवे, गुळगुळीत असले तर रोप त्यावर चालतो, पण जिथं उभा आणि आडवा रोलर भेटतात त्या फटीत रोप चेंगरतो, म्हणून मी तर चौकटच लावतो. उलटं मात्र कधीच नको, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीतून स्टीलची तार ओढली तर ती अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकते आणि नंतर तीच चौकट रोपासाठी करवत होते.

४. दोर कुठं आणि कसा अडकवला होता, खरं खरं आठवा

सगळ्यात जास्त दोर इथंच मरतात. बाभळीला नाहीतर लिंबाला एक वेढा मारून हुक परत त्याच दोरात अडकवायचा, ही सवय आपल्याकडं सर्रास आहे. तार असेल तर तिथंच मुरड पडते, रोप असेल तर घासून कापला जातो. झाडाला रुंद पट्टा घालायचा आणि पट्ट्यात डी-शॅकल, म्हणजे पिन घालून बंद होणारी लोखंडी कडी. पट्ट्यानं झाडाची सालही वाचते.

दुसरं म्हणजे गाठ. रोपाला साधी गाठ मारली की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. रोप जोडायचा तर स्प्लाईस करायचा, म्हणजे टोक रोपाच्याच पोटात घुसवायचं, आणि ते व्यासाच्या सुमारे ७० पट लांब आत गेलं पाहिजे, १० मिमीच्या रोपाला ७० सेंटिमीटर. नीट केला तर ताकद जवळपास पूर्ण राहते. शिकायला एक दुपार पुरते आणि शेतात बसून हातानं करता येतो, रोपाचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो, कारण रात्री फडात तार तुटली तर तिथं करण्यासारखं काही उरत नाही.

तारेचं टोक दुमडून लोक यू-क्लॅम्प मारतात. १० मिमीला कमीत कमी तीन, आणि क्लॅम्पची जाड बैठक लांब, ओढणाऱ्या बाजूला यायला पाहिजे, यू-बोल्ट कापलेल्या छोट्या टोकावर. दहातल्या सहा-सात ठिकाणी उलटे मारलेले बघतो मी. उलटा यू-बोल्ट चालू तारेलाच चावतो. विंचच्या तारेला क्लॅम्प म्हणजे घरी येईपर्यंतची सोय, कायमचं बांधकाम नाही.

५. गुंडाळी

इथं थोडा वेळ लागतो आणि दुसरा माणूस लागतो. सैल गुंडाळलेल्या दोरावर जोर आला की वरचा वेढा खालच्यांत घुसतो. तार असेल तर चपटी होते, रोप असेल तर असा रुततो की पक्कड लावून काढावा लागतो. उपाय सोपाय, गाडी हलक्या चढावर उभी करा, दोर वर कशाला तरी बांधा, आणि गाडीच्याच वजनानं ताण देत वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. आत ड्रायव्हर बसलेला पाहिजे, ब्रेकवर पाय. नवा दोर टाकल्यावर तर हे केलंच पाहिजे. दुकानातून येतो तो सैलच असतो आणि लोक तसाच घेऊन थेट चिखलात जातात.

ड्रमवर शेवटी किती वेढे उरतात तेही मोजा. तारेचे ५ तरी, रोपाचे ८ ते १०, कारण रोप गुळगुळीत असतो. टोकाचा स्क्रू दोर धरत नाही, वेढ्यांची पकड धरते. रोप ड्रमवर नुसताच फिरतोय असं वाटलं तर नव्वद टक्के हेच. हे शेवटचे वेढे वेगळ्या रंगानं रंगवून ठेवा, रंग दिसला की सोडणं बंद.

आता दिशा. बटण सोडल्यावर गाडी मागं सरकते ही तक्रार असेल तर आधी ड्रमवरचा बाण बघा. कुणीतरी दोर पूर्ण सोडून वर बटण दाबतच राहिलं की तो उलट्या बाजूनं गुंडाळायला लागतो. या विंचचा ब्रेक एकाच दिशेला धरतो, उलट गुंडाळलं की ब्रेक असून नसल्यासारखा. मागच्या हंगामात एकाला नवीन ब्रेकचा खर्च सांगितला होता दुसऱ्या कुणीतरी, मी दोर काढून सरळ गुंडाळला, काम झालं.

६. वजनाचा हिशोब

इथं सगळे चुकतात आणि इथंच माणसं जखमी होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

विंचवर १२,००० पाउंड लिहिलंय म्हणजे ५,४०० किलोच्या आसपास. पण तो आकडा ड्रमवर एकच थर असतानाचा. प्रत्येक वरच्या थरामागं साधारण दहा-बारा टक्के ताकद जाते, चौथ्या थरावर तुमच्या हातात साडेतीन-पावणेचार टनच उरतात. दुसऱ्या बाजूला गाडी. चाकं आसापर्यंत रुतली तर ओढायला गाडीच्या वजनाएवढा जोर धरायचा, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, आणि केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. काळी माती गाडीला खालून चोखून धरते, त्यामुळं हा हिशोब आपल्याकडं कमी पडतो, जास्त कधीच नाही. मालासकट सव्वादोन टनाची पिकअप मडगार्डपर्यंत गेली तर साडेचार टन झाले, आणि तुम्ही चौथ्या थरावर उभे.

यात तारेची ताकद किती? चांगली ९.५ मिमी तार साडेसहा टनाच्या आसपास तुटते. माल उचलणाऱ्या क्रेनला चार-पाच पट राखीव ताकद ठेवतात, इथं विंच आणि तार यांच्यात एवढासाच फरक आहे. थोडी गंजली, एक मुरड पडली, की विंच थांबायच्या आधी तार तुटणार. चांगल्या १० मिमी रोपाला आठ-नऊ टन असतात, नवा आणि स्वच्छ असताना.

म्हणून कप्पी वापरा. कप्पी लावून दोर परत आपल्या गाडीला आणून बांधला की जोर जवळपास दुप्पट, दोरावरचा ताण निम्मा, आणि दोर जास्त बाहेर गेल्यानं थरही कमी होतात. वेग निम्मा होतो, होऊ द्या. आणि आधी खोऱ्यानं चाकापुढची माती काढा, दहा मिनिटं खणल्यानं जो जोर वाचतो तो कुठल्याच विंचमधून मिळत नाही. सरळ रेषेत ओढा, तिरकं ओढलं की दोर ड्रमच्या एका बाजूला ढीग करतो आणि विंचची फ्रेम फोडतो.

ओढताना दोरावर मधोमध ओलं पोतं नाहीतर जाड गोधडी टाका, तार असो का रोप. तार तुटली तर चाबकासारखी येते. रोप बराच शांत पडतो हे खरं, पण त्याच्या टोकाला जे शॅकल किंवा हुक आहे ते गोळीसारखंच येतं, त्यामुळं रोप आहे म्हणून जवळ उभं राहणाऱ्यांना हाकलाच. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात पोरंसोरं, बघे, कुणीच नको. गावात गाडी रुतली की निम्मं गाव जमतं, आधी माणसं मागं घ्या, मग बटण.

७. ड्रम तापतो का

बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो. वजन लटकत असताना दोर सोडत गेलं की ब्रेक घासतो आणि ड्रम तापतो. तारेला त्याचं काही वाटत नाही. रोप ज्या धाग्याचा असतो, डायनीमा वगैरे, तो १५० अंशांच्या आसपास वितळतो आणि ६५-७० च्या पुढं सतत राहिला तर त्याची ताकद कमी व्हायला लागते. रोपाचा सगळ्यात आतला थर कडक, चकचकीत झाला असेल तर हेच कारण. आतल्या थराला उष्णतेचं कव्हर घाला, वजनासकट सोडायचं काम कमी करा, ओढताना मधे मधे थांबा. मे महिन्यात इकडं पारा ४२-४३ ला जातो, काळा बंपर हाताला चटका देतो, म्हणून विंचवर ताडपत्रीचं झाकण पाहिजेच, उन्हानं रोप म्हाताराही होतो.

मग स्टील का सिंथेटिक

वरचं सगळं नीट असेल तर आता हा प्रश्न विचारा.

चिखल, गाळ, नदीकाठ, उसाचा फड, रात्रीचं काम, मदतीला अनोळखी माणसं, असं असेल तर रोप. ३० मीटर तार १० किलोच्या वर भरते, तेवढाच रोप दोन किलोच्या आतबाहेर, गुडघाभर गाळातून ओढत न्यायचा असतो तेव्हा हा फरक खांद्याला कळतो. पाण्यावर तरंगतो, हाताला कुसळं नाहीत, तुटला तर जागेवर जोडता येतो. पण तो धुवायला पाहिजे, झाकायला पाहिजे. ज्याला हे जमणार नाही त्यानं घेऊ नये असं मी तोंडावर सांगतो.

बालाघाटाच्या डोंगरात, धारूर घाटाच्या बाजूला, खाणीत, जिथं दोर काळ्या दगडावरून घासत जाणार तिथं तार. त्या दगडाची धार रोपाला एका ओढीत संपवते. गाडी कायम उन्हात उभी आणि विंच वर्षातून दोनदा वापरला जातो अशांनाही तारच बरी, फक्त तेलाचा हात आणि चामड्याचे हातमोजे विसरू नका, आणि तार हातातून कधी घसरू देऊ नका.

माझ्या जीपवर रोप आहे आणि मागं पेटीत दगडासाठी जुन्या फायर होजचं कव्हर, तीन मीटरचं. मामांना मी चौकट बदलून तुटलेलाच रोप स्प्लाईस करून दिला, नवा घेऊ दिला नाही. अजून तोच चाललाय.

इथं थांबा

दिशा बरोबर आहे तरी गाडी मागं सरकते, मग ब्रेक गेलाय. विंच उघडायचं काम ज्याला येतं त्याच्याकडंच द्या, ब्रेकचा एक भाग उलटा बसला तर तो धरल्यासारखा वाटतो आणि वजनावर सोडतो. ड्रमला तडा, फ्रेम वाकलेली, बोल्ट लांबलेले दिसले तर त्या दिवशी विंच बंद. वायर किंवा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच) तापून वास येत असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियन, पूर्ण जोरावर हा विंच बॅटरीतून ४०० अँपिअरच्या आसपास ओढतो, तिथं घरगुती जोडाजोडी नको.

भरलेली उसाची ट्रॉली कलली किंवा रुतली, तर जीपच्या विंचनं हात लावू नका. ऊस उतरवा, नाहीतर जेसीबी, क्रेन बोलवा. कप्पी लावूनही दोन प्रयत्नांत गाडी हलली नाही तर तिसरा करू नका, कारण तोवर दोर आणि माणसं दोन्ही थकलेली असतात. आणि वाहत्या पाण्यात गाडी असेल तर पाणी उतरेपर्यंत काहीच करायचं नाही, आत माणूस अडकलाय असं असेल तर ११२ ला फोन.

एक गोष्ट आमच्या भागासाठी मुद्दाम. विहिरीचा गाळ काढायला, मोटर काढायला हा विंच लावून माणूस खाली सोडताना मी स्वतः बघितलंय. गाडी ओढायचा विंच आडवं ओढण्यासाठी बनवलाय, त्याचा ब्रेक आणि त्याचा दोर माणूस लटकवायला केलेलाच नाही, तार असो नाहीतर रोप. विहिरीसाठी विहिरीचे क्रेनवालेच बोलवा, त्या दिवशी ते मोकळे नसतील तर काम दुसऱ्या दिवशी करा.